गिधाडं वाचवायची तर गुरं डोंगरावर राहू द्या

दरवर्षी होळीच्या आसपास नाशिकमध्ये हा वाद ठरलेला. अंजनेरी, ब्रह्मगिरी नाहीतर हरसूल-पेठकडच्या एखाद्या डोंगराला वणवा लागतो, त्याचे फोटो फिरायला लागतात, आणि त्यामागोमाग कोणीतरी डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बायांचा फोटो टाकतं, की बघा, गिधाडांचं घर असं संपवतायत हे लोक. मग एक बाजू सुरू होते की डोंगर बंद करा, चराई बंद करा, तार मारा, गार्ड वाढवा. दुसरी बाजू लगेच अंगावर येते की आदिवासी हा मुळातच निसर्गपूजक, त्याने हजारो वर्षं जंगल राखलं, तुम्ही कॉलेज रोडवर राहणारे त्याला काय शिकवणार. दोन दिवस हे चालतं, मग द्राक्षांचे भाव पडतात किंवा पाणीकपात येते आणि सगळे तिकडे वळतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. डोंगरातल्या माणसाने जंगल वापरावं की वापरू नये, हा प्रश्नच निरर्थक आहे, तो वापरतो आणि वापरणारच. विचारायचं असेल तर हे विचारा की कुठल्या वापराने नेमकं कशाचं नुकसान होतं आणि ते थांबवायचे नियम कोणी करायचे. मला वाटतं ते नियम त्या गावाने करावेत, वनखात्याने आणि अभ्यासकांनी त्यांना माहिती पुरवावी आणि सरसकट बंदी हा प्रकार डोक्यातून काढून टाकावा. हे मी आदिवासींवर उपकार म्हणून बोलत नाहीये, गिधाडांच्या बाजूने बोलतोय.

गिधाडांचंच घ्या, कारण आपल्याकडे या वादात तेच पुढे केलं जातं. अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या कड्यांवर लांब चोचीचं गिधाड घरटं करतं, हरसूलच्या बाजूला उंच झाडांवर पांढऱ्या पाठीचं करतं, आणि या दोन्ही जाती आज जगातल्या सर्वात धोक्यात असलेल्या पक्ष्यांमध्ये मोडतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे एकदा संख्या पडली की भरून यायला पिढ्या लागतात. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त कमी झाली. ती कशाने गेली? मोळीने? चराईने? डायक्लोफिनॅकने गेली. आजारी गुराला दुखण्यावर दिलेलं हे औषध मेलेल्या जनावराच्या अंगात राहतं, ते मांस खाल्लं की गिधाडाची किडनी फेल होते. 2004 मध्ये हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, 2006 मध्ये आपल्या सरकारने जनावरांसाठी हे औषध बनवायला बंदी घातली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचणं चालूच राहिलं म्हणून 2015 मध्ये त्या बाटलीचा साइज 3 मिलीवर आणावा लागला, आणि मग 2023 मध्ये अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवर बंदी आली. म्हणजे कारखान्यातल्या औषधाने हा पक्षी संपत आणला आणि आपण फोटो कोणाचा टाकतोय, तर मोळीवाल्या बाईचा.

आता यातली खरी गंमत बघा. गिधाड शिकार करत नाही. आपल्या डोंगरात आज त्याच्या पोटात जे जातं ते मुख्यतः गावातली मेलेली गुरं, कारण सांबर-भेकरांवर शेकडो गिधाडं पोसायला तेवढी सांबरं उरलीत कुठे? गावाने गुरं ठेवली, मेलं की माळावर टाकलं, तर गिधाड जगणार. डोंगर चराईला बंद केला की पहिल्यांदा काय होतं, लोक गुरं विकतात. तसंही ती कमी होतच चाललीयत, ट्रॅक्टर आला, बैल गेले, गाय सांभाळायला पोरगं घरी नाही कारण ते द्राक्षबागेत मजुरीला गेलंय. चराईबंदीने त्यात भर घाला आणि मग गिधाडांना काय खायला घालणार, ठराव? हरसूलजवळ खोरीपाड्याला जे गिधाडांचं रेस्टॉरंट म्हणून प्रसिद्ध आहे ते चालतं कशावर? वनखातं आणि गावकरी मिळून चालवतात, आसपासच्या पाड्यांवर जनावर मेलं की निरोप येतो आणि ते तिथे आणून टाकलं जातं. त्या पाड्यांवर गुरंच नसतील तर ते रेस्टॉरंट दुसऱ्या दिवशी बंद. गिधाड वाचवायचं म्हणून गुराखी हाकलायचा, हा विचार करणाऱ्याने गिधाड नेमकं काय खातं हे कधी बघितलेलंच नाही असं मला राहून राहून वाटतं.

पण म्हणून दुसऱ्या बाजूचं सगळं खरं का? अजिबात नाही, आणि इथे मला आपल्याच बाजूच्या लोकांचा राग येतो कारण ते अवघड गोष्टी बोलतच नाहीत. वणवे आपोआप लागत नाहीत. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, पावसाळ्यात कोवळं गवत चांगलं फुटतं म्हणून डोंगराचा माळ पेटवतात, कधी नुसती बिडी टाकलेली असते. त्या आगीत जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, रोपं सगळं जातं. राब भाजायला, म्हणजे रोपं टाकायची जमीन पालापाचोळा जाळून भाजायला, झाडांच्या फांद्या छाटतात, नागली-वरईचं रोप त्याशिवाय नीट होत नाही असा पिढ्यांचा अनुभव आहे, पण त्या छाटणीत मोठी झाडं बोडकी होतात आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला घरट्यासाठी तीच उंच, डेरेदार झाडं लागतात. पोरांच्या गळ्यात गलोल असते, त्याने पाखरं मारणं हा पाड्यावरचा खेळही आहे आणि जेवणही. आणि अंजनेरीवरची ती कंदीलासारख्या फुलाची छोटी वनस्पती, सेरोपेजिया अंजनेरिका, जी 2006 मध्ये विज्ञानाला नव्याने कळली आणि जिचं नावच आपल्या डोंगरावरून पडलं, त्या कुळातल्या झाडांचे कंद खायला चांगले लागतात, गुराखी पोरं ते उकरून खातात. एका डोंगरावर मोजकी झाडं असलेल्या वनस्पतीचा कंद उकरला तर ते झाडच गेलं. याला परंपरा म्हणून सोडून देता येत नाही. परंपरा पडली तेव्हा माणसं कमी होती, जंगल खूप होतं, आता उलटं आहे. वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवणारं गाव आपल्या शिवारात वाघ कधी दिसेनासा झाला ते थांबवू शकलं नाही, हे पण मान्य करायला पाहिजे. श्रद्धेने जंगल राखलं जातं, देवरायांनी ते दाखवलंय, पण देवराई सोडून बाकीच्या डोंगराला श्रद्धा पुरली नाही.

मग एवढं सगळं मान्य केलं तर बंदीला विरोध का? कारण बंदी आपण करून बघितलीय आणि एकदा नाही, दीडशे वर्षं करून बघितलीय. इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने डोंगरच्या डोंगर राखीव करून टाकले. जोतिराव फुल्यांनी 1883 मध्ये शेतकऱ्याच्या हालांबद्दल लिहिताना नेमकं हेच मांडलंय, की ज्याची शेती थोडी तो आधी डोंगरातली फळं खाऊन, मोह-पळसाची फुलं-पानं आणि लाकूडफाटा विकून, दोन शेरडं पाळून निभावून न्यायचा, आणि सरकारी जंगलखात्याने सगळं ताब्यात घेऊन त्याच्या शेरडांना वारा खायलाही जागा ठेवली नाही. मग 1930 मध्ये जंगल सत्याग्रह झाला, रायगडच्या चिरनेरला गोळीबारात माणसं मेली, आपल्या कळवणमधल्या चणकापूरचं नावही त्याच लढ्यात आहे. त्या सगळ्या काळात जंगल वाढलं का? रेल्वेच्या स्लीपरला साग गेला, युद्धात लाकूड गेलं, कोळशाला गेलं. गावाला बंद आणि ठेकेदाराला उघडं, हीच ती बंदी. आणि तिचा सगळ्यात वाईट परिणाम कोणता झाला असेल तर तो हा की गावाला जंगल परकं वाटायला लागलं. जे आपलं नाही ते राखायचं कशाला, गार्ड येईपर्यंत तोडून घ्या, ही वृत्ती जन्मजात नसते, ती खात्याने तयार केलेली आहे.

स्वातंत्र्यानंतरही आपण तेच केलं. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्याचं उदाहरण पक्षीप्रेमींना तरी माहिती पाहिजे. 1982 मध्ये तिथे म्हशींच्या चराईला बंदी घातली, लोक चिडले, पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मेले. आणि बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग-अभ्यास संस्थेने अनेक वर्षं अभ्यास केला तेव्हा लक्षात आलं की म्हशी बंद झाल्यावर गवत इतकं माजलं की पाणथळ भरून जायला लागली, पक्ष्यांना मोकळं पाणी कमी पडायला लागलं. म्हणजे माणसंही मेली आणि पक्ष्यांचाही फायदा झाला नाही. कोणी म्हणेल भरतपूर पाणथळ आहे, सह्याद्री वेगळा. बरोबर आहे, वेगळा आहे. मग आपल्याच साताऱ्याजवळच्या कासला बघा. फुलं वाचवायला पठाराला जाळी ठोकली, गुरं बाहेर ठेवली, आणि काही वर्षांनी ओरड सुरू झाली की गवत वाढलं, फुलं कमी झाली, शेवटी जाळी काढायची वेळ आली. प्रत्येक डोंगरावर चराई चांगलीच असते असं मी म्हणत नाही. जास्त गुरं, चुकीच्या महिन्यात, एकाच जागेवर, याने पठाराची वाट लागते. पण किती, कधी, कुठे हे ठरवायला त्या डोंगरावर रोज जाणारा माणूस लागतो, मंत्रालयातला जीआर नाही.

आणि असं ठरवणारी गावं आहेत, ही काही कल्पना नाहीये. नाशिकच्या शेजारी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा आहे, कोकणा लोकांचं छोटंसं गाव. नव्वदच्या दशकात डोंगर उघडा पडला होता, बायका पाण्याला आणि सरपणाला लांब लांब जात होत्या. चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावाने स्वतः नियम केले, झाड तोडलं तर दंड, राखणीला गावातलीच माणसं, सरपण किती आणि कधी आणायचं ते ठरलेलं. शेकडो हेक्टर जंगल परत उभं राहिलं, विहिरींना पाणी आलं आणि आता तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते जी बघायला शहरातले लोक गाड्या करून जातात. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण त्या गावाने नेमकं काय केलं ते वाचलं का? त्यांनी जंगल वापरणं बंद केलं नाही. वापराला शिस्त लावली आणि शिस्त लावायचा अधिकार स्वतःकडे घेतला. तिकडे गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले, 2011 मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः द्यायला लागले, आणि त्यांनी काही सगळा बांबू एका वर्षात विकून टाकला नाही. आपल्या शहराला लागून बोरगड आहे, 2008 मध्ये तो संवर्धन राखीव झाला, तोही तुंगलदऱ्याच्या लोकांना बरोबर घेऊनच.

यावर एक प्रश्न नेहमी येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. सगळी गावं बारीपाडा नसतात, सगळीकडे चैत्राम पवार नसतात, बऱ्याच ठिकाणी ग्रामसभा म्हणजे सरपंच आणि दोन पुढारी, कोरमच्या सह्या घरोघरी फिरवून घेतलेल्या, मग त्यांच्या हातात गिधाडांचा डोंगर कसा द्यायचा? ज्याच्या लाकडापासून कात करतात त्या खैराच्या चोरट्या तोडीत तर गावातलीच पोरं कुऱ्हाड चालवतात. हो, चालवतात. रात्री एक पिकअप येते, गुजरातच्या दिशेने निघून जाते, तोडणाऱ्याला मजुरी मिळते आणि कात विकणाऱ्याला पैसा मिळतो. पकडला जातो तो मजूर. आता मला सांगा, हे सगळं कोणाच्या राज्यात चालू आहे? ग्रामसभेच्या की खात्याच्या? हे जंगल आजही कागदावर खात्याचंच आहे ना. कमजोर ग्रामसभा हे ग्रामसभा मजबूत करायचं कारण होऊ शकतं, तिला बाजूला ठेवायचं कसं होईल? महापालिकेत गोंधळ आहे म्हणून आपण नाशिकचा कारभार दिल्लीला देऊन टाकतो का? 2006 च्या वनहक्क कायद्यात नुसता जमीन कसायचा हक्क नाहीये, आपलं सामूहिक जंगल राखायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्कही त्याच कायद्यात आहे, पण त्याबद्दल ना विरोधक बोलतात ना समर्थक. 2018 च्या मार्चमध्ये सुरगाणा, पेठ, दिंडोरीची माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेली, पायाची सालटं निघाली, तेव्हा वनजमिनीच्या सातबाऱ्याची मागणी सगळ्यांना ऐकू आली. राखण करायच्या हक्काची मागणी तेवढ्या जोरात झाली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं, ही त्या चळवळीतल्या मित्रांना न आवडणारी गोष्ट आहे पण बोलायला पाहिजे.

आणि सरपणाचं काय, उज्ज्वलाचा गॅस दिलाय ना, मग मोळी कशाला? हे विचारणाऱ्याने एकदा पेठच्या पाड्यावर सिलिंडर कसा पोचतो ते बघावं. भरून आणायला आठ-नऊशे रुपये, वर गाडीभाडं, आणि घरात रोख पैसा येतो तो गिरणारेच्या मजूर बाजारात उभं राहून द्राक्षबागेत छाटणीचं काम मिळालं तर. त्यामुळे गॅस पाहुणे आले की पेटतो, रोजची नागलीची भाकर चुलीवरच होते. त्या बाईच्या मोळीत बहुतेक वाळलेल्या काटक्या असतात, कारण ओलं लाकूड जड असतं आणि धूर करतं, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता थोडं आपल्याकडेही बघू. डोंगरातली नैसर्गिक संपत्ती सगळ्यात जास्त कोण वापरतं? इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरावर पडलेला पाऊस वैतरणेतून मुंबईच्या नळाला जातो आणि धरणाच्या वरच्या पाड्यांना एप्रिलमध्ये टँकर लागतो. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला डोंगर पोखरला गेला तेव्हा जेसीबी कोणाचे होते, पाड्यावरच्या माणसाचे? अंजनेरीवर थेट गाडी जाईल असा रस्ता करायचा प्रस्ताव आला तेव्हा त्यात गिधाडांच्या कड्यांचा विचार कोणी केला होता? पर्यावरणवाले लोक उभे राहिले म्हणून ते गाजलं तरी. फार्महाऊस, वीकेंड प्लॉट, रिसॉर्ट, पावसाळ्यात धबधब्याखाली बाटल्या फोडणारी पोरं, कड्याच्या तोंडाशी ड्रोन उडवणारे रीलवाले, याला आपण पर्यटन म्हणतो आणि आदिवासीने करवंदं तोडली की तो वापर. कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा नाशिककर रस्त्यावर आले, छान झालं, मलाही बरं वाटलं. पण तेव्हा कोणी असं म्हटलं नाही की नाशिककरांना गोदाकाठावरून हाकला म्हणजे झाडं वाचतील. उलट आपण म्हणालो की हे आमचं आहे, आम्हाला विचारा. हरसूलचा माणूस वेगळं काय म्हणतोय?

माधव गाडगीळांच्या समितीने 2011 मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला त्याचा गाभा पण हाच होता, की काय राखायचं आणि काय करू द्यायचं याचा निर्णय ग्रामसभेपासून वर जावा. त्याचं काय झालं ते आपल्याला माहितीच आहे. लोकांना सांगितलं गेलं की हा अहवाल आला तर तुम्हाला घराची कौलंही बदलता येणार नाहीत, आणि खाणवाले, बिल्डर खूश झाले. विकास विरुद्ध पर्यावरण अशी कुस्ती लावली की ज्याला दोन्ही नकोत त्याचं फावतं.

म्हणून माझी मागणी एकदम साधी आणि कागदोपत्री आहे. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यातली बहुतेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा आहे, त्याचे राज्याचे नियम 2014 मध्ये झालेत, कायद्याची कमतरता नाहीये. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत त्यांच्या हातात वनखात्याने गिधाडांच्या घरट्यांचे नकाशे आणि दरवर्षीच्या मोजणीचे आकडे द्यावेत, मराठीत, मोठ्या अक्षरात. मग गावाने बसून ठरवावं की राबाला कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, मोहाखालचा पाला पेटवायच्या ऐवजी झाडायचा आणि फुलं झेलायला खात्याकडून जाळ्या घ्यायच्या, कंदीलफुलाच्या जागेवर पावसाळ्यात कोणी खणायचं नाही, जनावराला कुठलं इंजेक्शन टोचून घ्यायचं नाही. गादीवाफ्यावर न भाजता रोपं होतात हे कृषी खात्याने भाषणात सांगण्यापेक्षा दोन पाड्यांवर स्वतः करून दाखवावं, पीक बुडालं तर भरपाई द्यायची हमी देऊन, कारण ज्याचं वर्षाचं खाणं त्या वाफ्यावर आहे त्याने प्रयोग फुकट का करायचा? आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत गिधाडं अंड्यावर आणि पिल्लांवर असतात, त्या महिन्यांत कुठल्या कड्याखाली जायचं नाही याच्या तारखाही गावानेच लावाव्यात. त्या तारखा गुराख्यांना लागू होतील तशा ट्रेकिंग ग्रुपांना आणि हेलिपॅड मागणाऱ्यांनाही लागू व्हाव्यात, आणि मोडल्या तर पावती ग्रामसभेच्या नावाने फाटावी.